पोळ्याच्या दिवशी जुपलेला घोडा

चाळिशीची बाई व्हिडिओ गेम खेळते म्हटल्यावर आमच्या अमरावतीच्या कॉलनीत लोक आधी हसतात, मग मुलं किती ते विचारतात. मूल नाही. टीव्हीला जोडलेलं गेमचं यंत्र आहे, आणि त्यात एक घोडा होता.

म्हणायला माझा, खरा बाबांचा. त्यांच्या डाव्या अंगाला लकवा मारला तेव्हा मी त्यांना बार्शीटाकळीजवळच्या शेतावरून माझ्याकडे आणलं. पाय थोडा सावरला, हात काही हलेना. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो दोनदा दाबला आणि कॉटखाली टाकून दिला. "मी काय लायनं लेकरू हाओ काय?"

मी शिकवते ती शाळा सकाळची. एका दुपारी जेवून मी गेम लावून बसले होते. जुन्या काळातला, कुठल्याशा दूरदेशीचा एकटा लढवय्या आणि त्याचा कबरा घोडा. मागून बाबा म्हणाले, "काहून इतकं पयवून राहिली वं त्याले? थकला असंन तो." मी वैतागून गेमचा रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. घ्या, तुम्हीच हाका! घोडा चालवायची कळ डाव्या अंगठ्याखाली असते. तो अंगठा थरथरत हलला आणि घोडा चार पावलं चालला.

मग रोज दुपारी तेच. बाबा कधी लढले नाहीत. शत्रू दिसला की घोडा वळवून सरळ पळ काढायचे. चढ लागला की खाली उतरून पायी. ओढा दिसला की त्याला पाण्याशी उभं करायचे. हा घोडा पाणी पीत नाही, असं मी सांगितलं तर म्हणाले, "तुले दिसत नाई." आपल्या दावणीच्या शेवटच्या बैलाचं नाव त्यांनी त्याला दिलं होतं. ते नाव इथे लिहायची माझी हिंमत नाही. दोन महिन्यांनी एके सकाळी त्यांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. बाबांनी वाटी मागितली आणि लोण्याचं बोट टीव्हीच्या काचेवर, घोड्याच्या खांद्यावर टेकवलं.

"बाबा, घोड्याच्या खांद्यावर कुठे जू असतं?"

"मानसाले वाहून नेते ना तो?" मग घोड्याकडे वळून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." उद्या त्याला सुट्टी, रिमोटला हात लावायचा नाही, असंही मला बजावलं. काच पुसताना मी चांगलीच कुरकुरले.

पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी जेवून बाबा झोपले. मला गोष्ट पुढे न्यायची होती. बाबांच्या लाडापायी दोन महिने आम्ही एकाच दरीत फिरत होतो. जरा वेळच, म्हणून बसले. लढाई लागली. बाण आले. जखमी मालकाला पाठीवर घेऊन घोडा वेढ्यातून बाहेर पडला, नदीकाठी त्याने गुडघे टेकले आणि तो उठला नाही. गोष्टच तशी रचलेली होती. मी सगळ्या कळा दाबून पाहिल्या. मागे जायची सोय नव्हती. गेमने त्याचं मरण परस्पर सेव्ह करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खरं सांगितलं.

"जनावर मरते, त्याचं काई नाई," बाबा म्हणाले. "पन पोळ्याच्या दिवशी जुपलं तुनं त्याले?"

मी हात जोडले. गेम पहिल्यापासून सुरू करून तसाच कबरा घोडा आणला. बाबांनी नीट पाहिलं. "हा तो नाई." रिमोट मला परत दिला आणि डावा हात मांडीवर ठेवला. तो तिथेच राहिला. महिन्याभरात बोटं आत वळली. सराव तुटला, असं फिजिओच्या बाई म्हणाल्या. हे असंही झालंच असतं, अशी मी स्वतःची समजूत घालते. ती एकदाही पटलेली नाही.

पुढच्या पोळ्यापर्यंत पायही गेले होते. कॉटवरून खुर्चीत, खुर्चीवरून कॉटवर, बाबांचा सगळा भार मी खांद्यावर घ्यायची. आदल्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा हळद-लोण्याची वाटी मागितली.

"टीव्ही लावू?" मी विचारलं.

"नाई. तू बस इथं."

मी खुर्चीपाशी खाली बसले. त्यांनी माझी ओढणी बाजूला केली आणि माझ्या खांद्याला लोणी चोळू लागले, बैलाला चोळत तसं, सावकाश, जोर लावून.

"आज आवतन घे माय, उद्या जेवाले ये."

उजव्या हाताने चोळत होते. डावा मांडीवरच होता.