व्याह्यांची दुसरी बैठक

सन १९४६, सारंगखेड्याची जत्रा उठल्यानंतरचा पहिला सोमवार, सकाळी आठ. जागा: तळोद्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी माझ्या व्याह्यांची पडीक जमीन. हजर: मी, माझे व्याही, त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, ट्रॅक्टर दाखवायला सुरतेहून आलेला कंपनीचा माणूस, आणि शेजारच्या पाड्यावरचा रूपजी, ज्याला त्या रानातली झाडे घरच्या माणसांसारखी ओळखू येत. मी एवढी नावे वहीत लिहून वही बंद केली, तोच व्याही म्हणाले की राज्या आणि परधान राहिले. हे त्यांचे दोन बैल. मी म्हणालो, बैलांची हजेरी घेत नाहीत. ते फक्त बैलांकडे गेले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. शेवटी मला वही उघडावी लागली. त्या पानावर आजही सात नावे आहेत.

माझ्या व्याह्यांइतका निर्णय न घेणारा माणूस तापीच्या दोन्ही तीरांवर मिळणार नाही, हे मी पूर्ण विचार करून लिहीत आहे. ते नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत. ते पारख करतात. त्यांनी छत्री घेतली तेव्हा एक अख्खा पावसाळा ती अंगणात उघडी उभी करून ठेवली आणि स्वतः घोंगडी पांघरून बाहेर हिंडले. छत्री टिकते का ते आधी कळायला नको का, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या ओसरीवरचे भिंतीवरचे घड्याळ सात वर्षांपूर्वी 'पाहायला' म्हणून आणलेले आहे. ज्या दुकानातून आणले ते दुकान बंद पडले, घड्याळाची पारख अजून चालू आहे. माझी मुलगी पाहायला आले तेव्हा तिला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. आमच्याकडे तीन दिवस राहिले, विहिरीचे पाणी तीन वेगवेगळ्या वेळी प्यायले, गोठ्यातली एक सैल मेख ठोकून घट्ट केली, आणि जाताना मला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या थोरल्या भावाला म्हणाले, "पोर चांगली शे. पन तिना बाप भलता लिखस." मी मुलीचा बाप असल्यामुळे हे गिळले. पण लिहून ठेवले.

अशा माणसाने ट्रॅक्टर निवडायचा होता, आणि त्याला मुदत होती. मुदत जावयाने घातलेली होती. तो शेतकीचे दोन वर्षांचे शिक्षण घेऊन आलेला, शांत, पण एकदा बोलला की बोलला. ती जमीन त्याच्या आजोबांनी कसलेली. नंतर पडीक पडली आणि तिच्यात पळस, बोर, टेंभुर्णी माजली. बैलांनी ती उघडायला दहा वर्षे लागतील, लहान ट्रॅक्टर आला तर दोन पावसाळ्यांत उघडेल, असा त्याचा हिशेब. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, यंत्र ठरले नाही तर तो अहमदाबादच्या गिरणीत मिळणारी नोकरी धरणार होता. म्हणजे माझी मुलगी अहमदाबादला. आमच्याकडे लेकी आखाजीला माहेरी येतात, झोके बांधतात, घर आठ दिवस भरून राहते. अहमदाबादहून कोण दरवर्षी येते? तेव्हा हे काम मी अंगावर घेतले आणि यादी केली. चाके, नांगर, साखळी, फण, रॉकेलचे पिंप ठेवायची जागा, अशा क्रमाने अकरा बाबी. मला वाटले, पंधरा दिवसांत सगळ्यांवर बरोबरच्या खुणा होतील.

पहिल्याच बाबीला दोन महिने गेले. कंपनीच्या माणसाने सांगितले होते की चाके दोन प्रकारची मिळतात, लोखंडी दातेरी आणि रबरी टायरची. रबरी टायर रस्त्याला चांगले. नंदुरबार स्टेशनावर उतरवून प्रकाशाजवळ तापी उतरून तळोद्यापर्यंत न्यायचे तर तेच सोयीचे. मी म्हणालो, रस्त्यावर यंत्र एकदाच जाणार, बोरीच्या काट्यांत रोज, तेव्हा लोखंडी. हे एका वाक्यात संपणारे होते. व्याह्यांनी कंपनीच्या माणसाकडून जुन्या टायरचा हातभर तुकडा मागून घेतला, शहाद्याच्या चांभाराकडून त्याच्या वहाणा करवल्या, आणि त्या घालून पौषात दोन महिने त्या रानात फिरले. पौष एक महिन्याचा असतो हे मी त्यांना दाखवून दिले. ते म्हणाले, माघातले काटे वेगळे. रोज संध्याकाळी रूपजीच्या अंगणात बसून ते तळव्यातले काटे उपसत आणि कोणता कोणत्या झाडाचा ते रूपजीला विचारत. शेवटी माझ्याकडे येऊन त्यांनी निकाल दिला की रबर माणसाला फार चांगले, यंत्राला लोखंडच हवे. म्हणजे मी पहिल्या दिवशी जे म्हणालो तेच. वहाणा मात्र त्यांनी आजतागायत काढलेल्या नाहीत.

पण मी हजेरीच्या सोमवारचे सांगत होतो, जो या वहाणांच्या आधीचा. त्या दिवशी यंत्र पहिल्यांदा रानात आले. लहानसे, रुंदीला आपल्या बैलगाडीएवढे, मागे एका माणसाला बसायला पत्र्याची खोलगट बैठक. व्याह्यांनी ते सारंगखेड्याच्या जत्रेत बैल बघावा तसे बघितले. तीन फेऱ्या घातल्या. पाठीवरून हात फिरवला. खाली वाकून पोट पाहिले. पुढचा पत्रा उचलायला लावून आत डोकावले आणि वय विचारले. कंपनीचा माणूस म्हणाला, नवे कोरे आहे. व्याह्यांनी मान हलवली. जत्रेत सगळेच तसे सांगतात. मग त्यांनी बैलांची जी खरी परीक्षा असते ती घ्यायची ठरवली. गाडीत लाकडे भरली, दोन्ही चाके दोराने आवळून बांधली आणि गाडी ट्रॅक्टरला जोडायला लावली. चांगली बैलजोडी अशी गाडी दहा पावले ओढते आणि लोक वाहवा करतात. ट्रॅक्टरने ती बांधापर्यंत ओढत नेली आणि तिथे गाडीची दांडी मोडली. कंपनीचा माणूस हसला. हसायला नको होते.

त्यानंतर नांगर लावला. जावई बैठकीवर बसला, आणि खरे सांगायचे तर पहिल्या तासाला, म्हणजे नांगराच्या पहिल्या रेघेला, माझा ऊर भरून आला. काळी माती अशी उलटत होती की मी यादीतल्या तीन बाबींवर मनातल्या मनात खुणा करून टाकल्या. दुसऱ्या तासाला गवतात लपलेल्या पळसाच्या बुंध्यावर फाळ आपटला आणि टोकापासून वीतभर तुटला. रूपजीने सकाळीच सांगितले होते की वर कापलेला पळस खाली जिवंत असतो, आधी बुंधे खणा. त्याचे कोणी ऐकले नव्हते, मी सुद्धा. व्याह्यांनी तुटका फाळ उचलून घेतला. मग मला म्हणाले, "वढस तो वढस, याही. पन थांबानं त्याले समजत नही." बैलाला बुंधा लागला की तो आपण होऊन थांबतो. हे खरे होते, आणि ते खरे होते याचाच मला जास्त राग आला.

इथपर्यंत एक वेळ ठीक. पण तेवढ्यावर थांबतील तर ते माझे व्याही कसले? त्यांनी हळूच विचारले की जोडी कुठे आहे. कंपनीच्या माणसाला कळेना. मी समजावले की हे एकच असते. "एकला बैल कोनी लेस का?" असे म्हणून ते राज्याच्या मानेखाली खाजवू लागले. मग पोळ्याचा प्रश्न निघाला. पोळ्याला याचे काय रंगवायचे, याला शिंगे नाहीत, झूल टाकली तर जळेल. आणि शेवटी त्यांनी मला एक बाब यादीत घालायला सांगितली: दुसरी बैठक. पहिलीच्या शेजारी किंवा मागे, कुठेही. कंपनीच्या माणसाने स्वच्छ सांगितले की असे काही कंपनी करत नाही. यंत्र एका माणसाचे आहे, तीच तर त्याची खुबी. मी बाब बारावी म्हणून लिहिली आणि त्यांच्या देखत खोडली. त्यांनी ते पाहिले. त्या दिवसानंतर यंत्राचा विषय निघाला की ते वहाणांबद्दल बोलू लागले.

चैत्र गेला. तुटलेला फाळ, मोडलेली दांडी, तव्यांचा नांगर घ्यावा की साधा, साखळी किती हात, या सगळ्यांवर मी त्यांना सात चिठ्ठ्या पाठवल्या. उत्तर एकच आले, तोंडी, की पाहू. जावयाने पेटी भरायला घेतली. आखाजीला मुलगी आली तेव्हा मी तिच्यासमोर तिच्या सासऱ्याबद्दल बोलायला नको ते सगळे बोललो. मी म्हणालो, या माणसाच्या पारखीपायी तुझे घर मोडणार आहे. ती झोक्याचा दोर वळत होती. वळता वळता म्हणाली, "दादा, त्या यंत्रवर बसानी जागा एकच शे. मंग आबा कोठे चालतीन?"

आबा म्हणजे तिचे सासरे. जो कोणी नांगरटीला उभा राहिला आहे त्याला ती काय म्हणाली ते कळेल. जड जमिनीत नांगर दोघांचा असतो. एक मागे रुमणे, म्हणजे नांगराची मूठ, धरतो, एक पुढे बैल धरून चालतो. व्याही लहानपणी बापाच्या पुढे चालले. मग मागे गेले आणि त्यांचा मुलगा पुढे चालू लागला. मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या हाती रुमणे देऊन ते पुन्हा पुढे आले. त्या यंत्रात मागचा माणूस होता. पुढचा नव्हता. छत्री, घड्याळ, सगळ्यांची पारख त्यांनी खुशाल केली होती. या वेळी आपलीच पारख होऊन आपण टाकले गेलो असे त्यांना वाटले, आणि ती खुणांची यादी माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. ओसरीवर ते पारखीतले घड्याळ टिकटिकत होते. मी म्हणालो, दुसरी बैठक लोहाराकडून करून घेऊ, माझ्यावर सोपवा. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "मंग लिखी ल्या," एवढेच म्हणाले. मी त्यांच्या देखत लिहिले. त्याच आठवड्यात यंत्र ठरले: लोखंडी चाके, साधा नांगर, बुंधे ओढायला वीस हात साखळी. जावयाने पेटी रिकामी केली.

याला दोन पावसाळे झाले. जमीन निम्मी उघडली आहे. कशी, ते कोणी येऊन पाहावे म्हणजे माझा संताप समजेल. बैठक अजून नसल्यामुळे व्याही ट्रॅक्टरच्या पुढे दहा पावले चालतात, टायरच्या वहाणा घालून, हातात काठी. काठीने गवत चाळतात, बुंधा लागला की हात वर करतात. मागे यंत्र गुरगुरते, धूर सोडते, आणि जावई बिचारा त्याला म्हाताऱ्याच्या पावलाने चालवतो. सुरतेचा माणूस एकदा पाहायला आला आणि टोपी काढून बांधावर बसला. मागे वळून ते एकदाही पाहत नाहीत. त्या दिवसापासून एकही फाळ तुटलेला नाही, हेही लिहायला हवे.

परवा मी गेलो तेव्हा नांगराच्या तासाच्या मध्येच ते खाली बसले. गुडघा धरला होता. जावयाने यंत्र थांबवले, आणि ते बंद न करता तो तसाच बसून राहिला, वडील उठेपर्यंत. मला पाहून व्याही म्हणाले, जरा माती पाहत होतो.

यादीतल्या अकरा बाबींवर खुणा झाल्या आहेत. बारावीसाठी लोखंड शहाद्याच्या लोहाराकडे गेल्या दिवाळीपासून पडून आहे. त्याला फक्त व्याह्यांचे माप हवे: कमरेपासून टाचेपर्यंत. बैठक झाली की पुढचा माणूस उरत नाही, म्हणून ते घ्यायला मी अजून गेलेलो नाही.