पहिली घागर

जे आता सांगतो ते मी वर्षानुवर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं — फादरांनासुद्धा नाही. पापस्वीकाराला गुडघे टेकले की माझी यादी ठरलेली असायची: राग, आळस, चुकवलेली मिस्सा. हे एक तेवढं घशाशी यायचं आणि परत खाली जायचं. तुम्हाला सांगतोय, कारण आता सांगता येतंय.

मी जळकोटजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. ख्रिस्ती घरं आमची पाच-सहा, त्यांची प्रार्थना मीच चालवायचो. लग्न होऊन सुशीला आली तेव्हा सकाळचं अर्पण तिला मीच शिकवलं — उठल्या उठल्या दिवसभराचं काम, सुख, दुखणं, सगळं देवाला देऊन टाकायचं. ती मोठी व्यवहारी बाई. म्हणाली, "असं मोघम दिल्यावर देवाला काय कळंल? नाव घिऊन द्यावं." आणि तिनं खरंच एकेका कामावर एकेक नाव घातलं. भाकरी आजारी शेजारणीसाठी, धुणं स्वतःच्या भावासाठी. मला हसू यायचं.

पाणी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हातपंपावरून आणावं लागे. सुरुवातीला मीही घागर घेऊन जायचो. एकदा पारावरून कुणीतरी विचारलं, "काय मास्तर, बायकोचं काम करायलात का?" बाकीचे हसले. एवढंच. एवढ्यानं माणूस मोडतो का? — मी मोडलो. घरी येऊन घागर ठेवली, कंबर धरली आणि म्हणालो, उसण भरली.

एका दिवसापुरतं म्हणालो होतो. पण दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली, आणि मला बरं वाटलं — कशाला लपवू? खोट्याला पाय नसतात म्हणतात. माझं खोटं अकरा वर्षं चाललं. वाकताना मी कण्हायला शिकलो. ती तेल चोळायची, मी पालथा पडून "जरा खाली" म्हणायचो. आणि रोज सकाळी, माझ्यासमोर हात जोडून, ती पाण्याची पहिली घागर अर्पण करायची — कुणासाठी, ते ओळखलंच असेल तुम्ही. माझ्या कंबरेसाठी.

मग घरोघर नळ आला. पाणी आणायचं राहिलं नाही, तशी माझी कंबर आठवडाभरात सुधारली. इतकी घाई तरी करायला नको होती. सुशीलानं रविवारी मिस्सेनंतर उभं राहून सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले. बाया रडल्या. फादरांनी आमच्या डोक्यावर हात ठेवला आणि मी — मी नम्रपणे मान खाली घातली. लाज वाटत होती का? वाटत होती. तरी हात जोडलेलेच होते.

आता निवृत्त होऊन आम्ही लातूरला राहतो. गेल्या महिन्यात सुशीलाला खुर्चीतून उठता येईना. डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत, फार ओझं वाहिलंय का? ती म्हणाली, "न्हाई हो, घरचंच पाणी." घरी आल्यावर ती शेंगा सोलायला बसली. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं बोलून टाकलं. पार, हसणं, कंबर, तेल. तिनं हातातली शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. मग एवढंच म्हणाली, "देवाला तर ठाव हुतं. त्यानं बी मला न्हाई सांगितलं."

खोटं वाटेल, पण त्या दुपारी मी कित्येक वर्षांत झोपलो नव्हतो तसा झोपलो. छातीवरची धोंड उतरली होती. तिचं दुखणं तिच्यापाशीच होतं आणि हलका मी झालो होतो — तेही सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हात जोडले. मी कान देऊन ऐकत होतो. भाऊ, नातू, खालच्या मजल्यावरची बाळंतीण — आणि शेवटी, लग्नानंतर पहिल्यांदाच, तिनं स्वतःच्या कंबरेचं नाव घेतलं. माझं नाव त्यात नव्हतं. मी आमेन म्हणालो आणि चहा ठेवायला उठलो. सहज उठलो. माझी कंबर चांगली आहे. पहिल्या दिवसापासून चांगलीच होती.