नदीजोडाचं सगोत्र लग्न

नाशिकहून निघालो ते एका लग्नासाठी. नवरा-नवरी दोन्ही नद्या, आणि करवली माझी मावसबहीण कुसुमताई. काटोलच्या पलीकडे तिची संत्र्याची बाग आहे. निम्मी झाडं वाळलीत, उरलेली टँकरच्या पाण्यावर कशीबशी तग धरून आहेत. पूर्वेकडच्या वैनगंगेचं पाणी कालव्यानं पश्चिमेला आणायचं, त्या योजनेचा हा सोहळा. 'आपल्या नदीचे जल कलशात आणावे,' असा ताईला निरोप होता.

नागपुरात इतवारीला ताईच्या दिराकडे उतरलो. सकाळी तर्रीपोहे (हरभऱ्याच्या जाळ रश्श्यातले पोहे) खाऊन डोळे पुसतोय, तर ताई नळाखाली कलश धरून उभी!

"काहून गा, असा पाहून राहिला?" ती म्हणाली. "नदीत पाणी असतं तं हे लचांड कायले पाह्यजे होतं?"

आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेला मिळते. मांडव तिथेच होता. समोर धरणाचं पाणी नजर पोचेल तिथवर पसरलेलं. ताई बघतच राहिली. मला तिची दया आली.

काठावर एक बाई तळलेले झिंगे विकत होती. ताई कलश घेऊन आलेली पाहून म्हणाली, "आमचं गाव ह्याच पाण्याखाली हाय, बाई. आता उरलेलं वावर कालव्यात जाऊन राहिलं."

"माह्या झाडायले पाणी पाह्यजे वं," ताई कशीबशी बोलली.

"मंग ने ना. मी नाही म्हटलं काय? मले विचारलं कोणं?"

झिंगे फार चविष्ट होते, पण ताईनं एकही खाल्ला नाही.

मग भाषणं झाली. पूर ओसरणार, दुष्काळ पळणार, समुद्रात 'वाया' जाणारं पाणी कामी येणार. उन्हाळ्यात वैनगंगाच आटली तर कालव्यातून काय वाहणार, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. दोन कलशांमध्ये खरोखरीचा अंतरपाट धरला, मंगलाष्टकं म्हटली, अक्षता उडाल्या. पाहुण्यांनी ताईच्या कलशातलं पाणी तळहातावर घेऊन प्राशन केलं.

"वा! तुमच्या नदीची चवच न्यारी!"

ताईनं पदर तोंडाला लावला. नागपूरच्या नळाला कन्हानचंही पाणी येतं. ते मोटारीतून मिरवत आणलं आणि कन्हानच्याच संगमात ओतलं. सगोत्र लग्न लागलं, आणि भटजींपासून पाहुण्यांपर्यंत सगळे जिलेबी खाण्यात दंग.

परतताना ताईनं रिकामा कलश गुपचूप नदीत बुडवून भरून घेतला. कळमेश्वर गेलं, काटोल गेलं, तरी तिनं तो मांडीवरून खाली ठेवला नाही. घरी पोचल्यावर आधी बागेत गेली आणि एका सुकत चाललेल्या झाडाच्या बुडाशी तो रिता केला. ती सरळ उभी राहीपर्यंत माती कोरडी दिसायला लागली होती.

"बाकीचं मागून येऊन राहिलं बरं," ती झाडाला म्हणाली.

दिवसभर हसून घेतलं होतं, आताही हसणार होतो. पण ताई थट्टा करत नव्हती.