रंग गोरा, खूण नाही

ती घटना आजही आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मनापासून घाबरलो असे प्रसंग मोजकेच. त्यातला हा पहिला. गंमत अशी की यात कायद्याच्या पुस्तकातला गुन्हा कुणी केलाच नव्हता. एका मुलीचा फोटो गरजेपेक्षा जास्त चांगला काढला गेला होता, एवढंच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. फोटो स्टुडिओत रोल जाऊन कॉम्प्युटर आले होते. मी आर्वी भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ऐन उन्हाळ्यात सकाळची हजेरी चालू असताना रोहण्याचा एक किराणा दुकानदार आत आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती.

"साहेब, पोरगी काल दुपारपासून घरी नाई. मैत्रिणीकडे जातो म्हणून गेलती."

मी जमादारांना मिसिंग दाखल करायला सांगितलं. आमचे जमादार निवृत्तीला आलेले, अक्षर मोत्यासारखं. त्यांना एकच खोड होती. समोरचा काहीही बोलो, कागदावर ते शुद्ध आणि सुबक करूनच उतरायचं. "मले लय भेव वाटलं" असं कुणी म्हटलं की हे लिहायचे, "मी अत्यंत भयभीत झालो". आम्ही हसायचो. साहेब लोकांना मात्र ते आवडायचं.

जमादार एकेक रकाना भरत गेले. वय एकवीस. बांधा सडपातळ. केस लांब.

"रंग?"

बापाने एकदा दाराकडे पाहिलं. व्हरांड्यात गावातलीच दोन माणसं बसली होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "गोरा."

"चेहऱ्यावर काही खूण?"

"नाई जी."

मग त्याने पिशवीतून फोटो काढला. मागे निळा पडदा, पुढे साडी नेसलेली मुलगी. चेहरा मैद्याच्या गोळ्यासारखा पांढरा आणि गुळगुळीत. लग्नासाठी काढलेला फोटो आहे, घरात दुसरा नाही, असं तो म्हणाला. तिचं कॉलेजचं ओळखपत्र तिच्याच पर्समध्ये गेलं होतं.

आमच्या भागात तरुण पोरगी घरातून गेली की सगळ्यांच्या मनात आधी विहिरी येतात. बोलत कुणी नाही. पोलीस पाटलाने माणसं जमवली आणि गावाभोवतीच्या विहिरींत गळ टाकायला सुरुवात झाली. दोर वर यायला लागला की काठावरची माणसं पुढे वाकून पाहायची. मीही वाकायचो. एका विहिरीतून फुटकी बादली आली, एकीतून चप्पल. चप्पल बापाने हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि म्हणाला, "तिची नाई." पण ती हातातून खाली ठेवायला त्याला बराच वेळ लागला.

फोटो छापून शोधपत्रिका काढली. बसस्टँडवर चिकटवली, बिनतारी संदेश सगळ्या ठाण्यांना गेला. जमादार स्वतः फोटो घेऊन वर्ध्याला गेले, जामच्या चौकातले ढाबे फिरले, केळझरला देवळाच्या टेकडीपायथ्याशी हारवाल्यांना विचारून आले. कुणीच ओळखलं नाही. इतक्या देखण्या पोरीला कुणी पाहूनही विसरेल, हे काही माझ्या डोक्यात बसेना.

तेवढ्यात जामच्या बाजूने संदेश आला. हायवेलगतच्या विहिरीत अनोळखी तरुण स्त्रीचं प्रेत मिळालं होतं. वय वीसच्या आसपास, रंग सावळा, गालावर जुना डाग. जमादारांनी आमचं वर्णन शेजारी धरून पाहिलं. "आपली नाई साहेब," ते म्हणाले आणि सुटल्यासारखा श्वास टाकला. मलाही हायसं वाटलं. आपल्या घरचं मरण शेजारच्या घरावर गेल्यावर वाटावं तसं ते हायसं होतं.

दुसऱ्या दिवशी खबर आली, तीही अगदी साधी. रोहण्याची एक बाई आर्वीच्या बसस्टँडवर आमच्या शोधपत्रिकेसमोर उभी होती. तिने आमच्या शिपायाला विचारलं, "हे कोनाची पोरगी हाय जी? आमच्या गावची बी एक हरवली, पन तिचा फोटो काऊन नाई लावला तुमी?"

शिपायाने नाव सांगितल्यावर ती हसली. मग तिला कळलं की तो थट्टा करत नाही, आणि ती घाबरली. शिपायाने तिला सरळ ठाण्यात आणलं. तिचं घर दुकानदाराच्या घराला लागून होतं. मुलगी दिसते कशी, विचारलं तरी ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "हे थे नाई."

फोटोमागच्या शिक्क्यावरून मी स्टुडिओ गाठला. मालक तिशीतला, नव्या कॉम्प्युटरचा अभिमान असलेला. पोलीस पाहून आधी घाबरला, मग उसनं अवसान आणून बोलू लागला.

"साहेब, फोटो थोडा साफ तं सगळेच करते. फुटकुळी काढली, डोळ्याखालचं काळं काढलं, याच्यात काय गुन्हा हाय?"

"आणि एखादा डाग असला तर?" मी अंदाजाने खडा टाकला.

"गालावरचा? थो तं पह्यले काढाच लागते. लग्नाचा फोटो हाय."

"मग थांबता कुठं?"

या प्रश्नावर मात्र तो खरोखर विचारात पडला. "गिऱ्हाईक बस म्हनते तिथं," तो म्हणाला. "तिचे बाबा बाजूले बसले होते. रंग थोडा उजळला, तं म्हने अजून थोडा. अजून केला, तं म्हने अजून थोडा. नाक बी बारीक केलं."

"आणि मुलगी काय म्हणाली?"

"ती मांगं बाकावर बसली होती. तिले कोनी विचारलं नाई."

मी मूळ फोटो मागितला. तो बापानेच मिटवायला लावला होता. कुणाच्या हाती लागायला नको म्हणून.

म्हणजे जगात त्या मुलीचा चेहरा आता फक्त तिच्याजवळ होता, आणि ती कुठे होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. परतीच्या वाटेवर मला जामचा संदेश आठवला. रंग सावळा, गालावर जुना डाग. मी ड्रायव्हरला जीप वेगात घ्यायला सांगितलं.

बापाला बोलावलं. गुन्हेगाराला बसवतो त्याच खुर्चीवर बसवलं, पण पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. चौकशीत आरडाओरडा करणाऱ्याला थोडंच मिळतं. एकच प्रश्न शांतपणे पुन्हा विचारावा लागतो.

"मुलीचा रंग कोणता?"

"सांगतलं ना साहेब. गोरा."

"खूण?"

"नाई."

मी जामचा संदेश वाचून दाखवला. त्याने संदेशाचा कागद स्वतःकडे ओढून पाहिला. मग म्हणाला, "साहेब, आयतवारी नागपूरचे पाहुने येऊन राह्यले तिले पाहाले. फोटो पसंत हाय त्याइले. ठान्यातून बात फुटली तं..."

"पाहुणे मुलगी पाहायला येतील. मुलगी कुठं आहे?"

तो माणूस डोळ्यांदेखत खचला. टेबलाच्या कडेला धरून म्हणाला, "सावळी हाय साहेब. माही पोरगी सावळी हाय. माह्यावर गेली. लहानपनी उकळत्या दुधाचं गंज कलंडलं होतं अंगावर, डाव्या गालावर डाग हाय." आणि मग मोठ्याने रडायला लागला.

आम्ही तसेच शवागाराकडे निघालो. संदेशात डाग कोणत्या गालावर ते लिहिलेलं नव्हतं. वाटभर बाप माझ्याकडे तोंड करून विचारत होता, "डावा म्हनला का साहेब त्याइनं? का उजवा?" नोकरीत इतका लांब रस्ता मी दुसरा पाहिला नाही.

आत फिनेलचा वास होता. कर्मचाऱ्याने चादर बाजूला केली. बापाने डोळे मिटून घेतले होते. मी त्याच्या दंडाला धरून उभा होतो. शेवटी त्याने डोळे उघडले.

"नाई," तो म्हणाला. "हे माही नाई."

मी त्याला भिंतीला टेकवून बसवलं. जरा वेळाने तो उठला, पुन्हा त्या पोरीजवळ गेला आणि स्वतःच्या हाताने तिच्या तोंडावर चादर घातली. "हिचा बी बाप फिरून राह्यला असंन कुठं, फोटो घेऊन," तो म्हणाला. त्या मुलीची ओळख नंतर तिथल्या ठाण्याने पटवली.

नवा संदेश मी स्वतः सांगितला. रंग सावळा, डाव्या गालावर भाजल्याचा डाग, जुना फोटो ग्राह्य धरू नये. संध्याकाळच्या आत सेलू ठाण्याचा फोन आला. केळझरला टेकडीच्या पायथ्याशी हार-दुर्वा विकणारी एक म्हातारी आहे, तिच्याकडे अशी एक मुलगी राहते आहे.

आम्ही पोचलो तेव्हा ती जमिनीवर बसून दुर्वांच्या जुड्या बांधत होती. बापाला पाहताच ती म्हातारीच्या मागे सरकली आणि पहिला प्रश्न तिने विचारला तो असा: "पाहुने आले का?" तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती मी पकडलेल्या चोरांच्याही डोळ्यांत पाहिली नव्हती. बाप पुढे आला. तिच्यासमोर मातीत बसला आणि तिच्या गालाला हात लावला, डागावरच.

माझ्या शेजारी जमादार पांढरेफटक पडले होते. "साहेब," ते कानाशी म्हणाले, "मी इथं येऊन गेलतो. हिलेच फोटो दाखवला होता मी. हिलेच विचारलं, हिले पाह्यलं का म्हनून."

"मग?"

"नाई म्हनली."

फोटो किती सुधारावा, असं आता माझी नात मोबाईलवर बोट फिरवत विचारते. माझं पोलिसी उत्तर ठरलेलं आहे. हरवल्यावर ज्या फोटोने तू सापडशील, तिथपर्यंत. पण त्या प्रकरणाने मला याहून मोठी गोष्ट शिकवली, आणि ती मी शिकलो ठाण्यात परत आल्यावर, तिचा जबाब घेताना.

बाप बाकावर बसला होता. व्हरांड्यात गावची माणसं जमली होती. मी विचारलं, "जमादार तुला फोटो दाखवून गेले. तू खोटं का बोललीस?"

तिने प्रथमच मान वर केली.

"मी खोटं नाई बोलली, साहेब. मांगच्या खेपी पाहुने आलते. मी पोह्याचा ट्रे घेऊन समोर उभी होती, अन् त्यातली बाई म्हने, फोटोतल्या मुलीला बोलवा ना. तवापासून मले तिचंच भेव वाटते. तिले मी कधी पाह्यलंच नाई."

जमादारांचा पेन थांबला होता. मग सवयीने तो चालू लागला: 'सदर छायाचित्रातील मुलगी माझ्या परिचयाची नसल्याने...'

"जमादार," मी म्हणालो, "खोडा ते. ती बोलली तसंच लिहा."

"बरं दिसन का साहेब?"

"नाही दिसलं तरी चालेल."

त्यांनी ओळ खोडली. तिचे शब्द एकेक करून, जसेच्या तसे लिहिले. मग वर्णनाच्या रकान्यांवर आले आणि सवयीने विचारलं, "रंग?"

मी काही बोलायच्या आत बाकावरून बापाचा आवाज आला, व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा.

"सावळा लिहा."