दोरीवरचा पायमोजा

"काय झालं हो शेवटी? मुलगा का मुलगी? कळवलंसुद्धा नाही तुम्ही!"

जिन्यातून आवाज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. एका कानात हेडफोन आणि दुसरा कान घराकडे, ही माझी बसायची नेहमीची पद्धत. आवाज खालच्या मजल्यावरच्या काकूंचा होता. आई हातात भिजवलेल्या पोह्यांची चाळणी धरून दारात गेली असावी, कारण फरशीवर टपटप पाणी पडत होतं.

"कोणाला काय झालं?" आईनं विचारलं.

"अहो, लेकीला तुमच्या! बाळाचा मोजा वाळतोय की दोरीवर. मी आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, बघा, बाळ झालं आणि आपल्याला पत्ता नाही."

मी मांडीवरच्या सुया आणि लोकर हळूच उशीखाली सरकवली. ताई आतल्या खोलीत कुशीवर पडून मोबाईल बघत होती. तिला आठवा लागला होता आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ व्हायला अजून वेळ होता. मोजा तेवढा झाला होता, आणि तो मी विणलेला होता.

चूक धुण्यात झाली. ज्या परदेशी बाईंचे व्हिडिओ बघून मी विणायला शिकले, त्या विणलेली प्रत्येक वस्तू कोमट पाण्यात बुडवून, हलक्या हातानं पिळून, सपाट पसरून वाळवतात. त्यांच्याकडे पसरायला मोठं टेबल असतं. आमच्या घरात रिकामं टेबल एकच आणि त्यावर माझा लॅपटॉप. म्हणून मी तो मोजा गॅलरीतल्या दोरीवर आईच्या परकराच्या आड चिमटा लावून टाकला. परकर वाऱ्यानं सरकला असणार. आमच्या बिल्डिंगमध्ये एखाद्या दोरीवर एवढंसं काही वाळायला लागलं की त्या घरी बाळ आलं असं सगळ्यांना आपोआप कळतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बाहेर हॉलमध्ये आत्या मेथी निवडत बसली होती. ती बाबांची मोठी बहीण. ताईला बघायला सोयगावहून आली होती आणि येताना जुन्या सुती साड्यांचं एक गाठोडं घेऊन आली होती, बाळाच्या दुपट्यांसाठी. मेथीच्या काड्या मोडण्याचा आवाज थांबला.

"बाळ पोटात अन् मोजं दोरीवर," आत्या म्हणाली. "बया! कुणी शिकिवलं हिला?"

"अक्का, तिला माहीत नसेल," आई म्हणाली.

"इंग्रजी शाळेत नाय शिकिवत व्हय हे?"

खालच्या काकू हसल्या. आई हसली नाही. तेवढ्यात हेडफोनमधून माझ्या मॅनेजरनं मला काहीतरी विचारलं आणि मी "येस, विल डू" म्हणाले. काय करायचं कबूल केलं ते नंतर एका सहकाऱ्याला मेसेज करून विचारावं लागलं.

आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. आत्यानं आणलेल्या साड्या धुवून, घडी घालून कपाटावर ठेवल्या होत्या. त्यांना कात्री लागलेली नव्हती, म्हणून त्या घरात असलेल्या चालत होत्या. कात्री लागायची ती बाळ रडल्यावर. मला हे खरंच माहीत नव्हतं असं नाही. कुठेतरी कानावरून गेलं होतं. पण ते शिवण्याबद्दल आहे आणि मी तर विणतेय, असं मी माझं मला सांगून टाकलं होतं.

आणि मला थांबायला वेळ नव्हता. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायचे. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं, असा ईमेल आला होता. ताईची तारीख त्यानंतरची. बहिणीच्या बाळंतपणासाठी सुट्टी मागितली तर "जवळ आल्यावर बघू" असं उत्तर मिळालं, आणि ह्या "बघू"चा अर्थ मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळला होता. म्हणजे बाळ येईल तेव्हा मी एका भाड्याच्या खोलीत असणार, आणि सगळ्यांच्या मागाहून व्हिडिओ कॉलवर त्याला बघणार. त्याच्या अंगावर माझ्या हातचं काहीतरी असावं, एवढंच मला हवं होतं. एक टोपडं आणि मोज्यांची जोडी. ते आत्ता झालं नाही तर पुढे होणार नव्हतं.

वेळ मी अशीच इकडूनतिकडून ओढून काढत होते. कॅमेरा बंद असलेल्या मीटिंगमध्ये दोन-तीन ओळी व्हायच्या. ताईला तपासणीला नेलं की दवाखान्यातल्या बाकड्यावर. सगळ्यात चांगला वेळ म्हणजे पाण्याचा दिवस. नळाला पाणी आलं की घरातले सगळे पिंपं, बादल्या, हंडे घेऊन धावतात, आणि गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की मोटर बंद करायला कुणालातरी वर बसावं लागतं. ते काम मी आपण होऊन मागून घ्यायचे. टाकीला टेकून बसायचं, पाण्याचा आवाज कुठवर आला ते ऐकायचं आणि विणायचं. टाके मी इंग्रजीतच मोजते. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत मला आजही थांबून विचार करावा लागतो.

शाळेत हस्तकलेचा तास होता, पण तो बहुतेक वेळा गणिताच्या टीचर घ्यायच्या. घरात आई मशीनवर उशांचे अभ्रे शिवायची तेव्हा मला "तू अभ्यास कर" असं सांगितलं जायचं. त्यामुळे सुई हातात धरणं हे माझं मीच मिळवलेलं होतं, आणि त्याबद्दल मी कोणाशी बोलत नव्हते. लोकर आणायलाही एकटीच गेले होते, गुलमंडीच्या बाजारात. दुकानदार चाचांनी आमच्या इकडच्या हिंदीत विचारलं, "छोटे का होना ना? कित्ते महिने का है?" बाळ तर अजून झालंच नव्हतं. मी दोन्ही हात हवेत धरून आकार दाखवला. ते म्हणाले, "इत्ता? इत्ते को तो ये लेव, चुभता नहीं," आणि फिक्या पिवळ्या रंगाचे गुंडे पुढे केले.

काकू खाली गेल्या. मीटिंग संपली. मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले तर आत्या ओट्याशी उभी होती.

"उसवून टाक ते," ती म्हणाली. चिडून नव्हे. मेथीत एक काडी राहिलीय, काढून टाक, असं सांगावं तसं. "बाळ हुईपर्यंत ह्या घरात नको. मंग काय विणायचं ते वीण. लई वीण."

मी मान हलवली. माझी मान अशी हलते की समोरच्याला ती हो वाटते. नंतर आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला काही तेवढं वाटत नाही गं. पण अक्कांच्या जिवाला घोर नको." मी कारण विचारलं नाही. आमच्या घरात कारण विचारलं की ते मिळतं, आणि मग ते आपल्याजवळ ठेवावं लागतं.

त्यानंतरचे दिवस मी नुसती फिरत होते. विणणं बंद केलं होतं, पण उसवलंही नव्हतं. सगळं एका कापडी पिशवीत घालून लॅपटॉपच्या बॅगेत, चार्जरच्या कप्प्यात ठेवलं होतं. हातांना काय करावं कळेना. मीटिंगमध्ये मी पेनाचं टोपण काढघाल करायचे, नखाजवळची सालं काढायचे. एकदा माझा माईक चालू राहिला आणि कुणीतरी विचारलं, हा टकटक आवाज कुठून येतोय. पाण्याच्या दिवशी गच्चीवर गेले आणि टाकीकडे टक लावून बसले. टाकी भरायला इतका वेळ लागतो हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तिथेच पिशवी काढली. लोकरीचं उसवणं फार सोपं असतं. कापडाची शिवण उसवताना निदान एकेक टाका सुईच्या टोकानं उचलावा लागतो. इथे नुसता धागा ओढायचा. मी अर्ध्या झालेल्या टोपड्याचा धागा ओढला. एक ओळ सरसर सुटली आणि धागा नागमोडी होऊन माझ्या मांडीवर पडला. दुसरी ओळ सुटायच्या आत मी थांबले आणि मोकळे टाके घाईघाईनं परत सुईवर चढवले. तोवर टाकी वाहायला लागली होती आणि खालून आई हाका मारत होती, "अगं मोटर! लक्ष कुठंय तुझं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याचा डोळा लागला होता. ताईनं मला खोलीत बोलावलं.

"आण ना. बघू तर."

मी आणलं. तिनं मोजा दोन बोटांवर चढवला.

"केवढंसं आहे गं. एवढंच असतं का?"

"व्हिडिओत एवढंच होतं."

"आत लाथा मारतंय ते तर बूट घालून मारल्यासारखं वाटतंय."

आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो. मग तिनं ती दोन बोटं पोटावरून चालवत नेली, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि मध्येच थांबली.

"तुला भीती वाटते का?" मी विचारलं.

"नाही." मग मोजा बोटांवरून काढून मुठीत धरत म्हणाली, "म्हणजे, तू विचारेपर्यंत वाटत नव्हती."

मी मोजा परत घ्यायला हात पुढे केला. तिनं दिला नाही.

"उसवू नकोस," ती म्हणाली. "उसवलेलं मला बघवणार नाही. पण तुझ्या बॅगेत आहे, हेही माझ्या डोक्यात राहतं. झोपले तरी राहतं."

"मग काय करू?"

"मला काय माहीत? तू हुशार ना आमची."

मी ते पुण्याला नेऊ शकत होते. पण मग ते बाळाला मिळणार कधी? माझी पहिली मोठी सुट्टी लागेपर्यंत थंडी संपली असती आणि बाळाच्या पायात ते मोजे गेले नसते. खालच्या काकूंकडे ठेवावं, तर सगळ्या बिल्डिंगला पुन्हा एकदा बाळ झालं असतं. मैत्रिणीकडे ठेवायचं तर तिला आधी सगळं सांगावं लागणार. ह्या सगळ्या वाटा मी मनात चालून बघत होते आणि कुणाशीही बोलत नव्हते. जेवताना आई म्हणाली, "पोळीचे तुकडे करून ठेवलेस, खाल्लीस का?" मी खाल्ली.

मग आत्याच्या घरून फोन आला. शेतात कापूस फुटला होता, वेचायला बायका मिळत नव्हत्या, तिला जाणं भाग होतं. बाळंतपणाच्या आधी परत येते म्हणाली. सकाळी तिची पिशवी हॉलमध्ये उघडी पडली होती. आई तिला भाकरी आणि ठेचा बांधून देत होती. बाबा रिक्षा आणायला चौकात गेले होते. ताई दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती आणि एक हात कंबरेवर होता. माझी मीटिंग सुरू व्हायची वेळ झाली होती. लॅपटॉपवर सगळ्यांचे चौकोन एकेक करून उजळत होते, आणि मी उभीच होते.

आदल्या संध्याकाळी गच्चीवर टोपडं आणि दुसरा मोजा मी संपवले होते. फक्त टोपड्याला हनुवटीखाली बांधायच्या दोऱ्या लावल्या नव्हत्या. त्या दोन दोऱ्या नुसत्या वळून ठेवल्या होत्या. तेव्हा मी तसं का केलं ते मला नीट ठाऊक नव्हतं. खाली आल्यावर ठाऊक झालं, आणि रात्रभर मी ते वाक्य मनात जुळवत राहिले, जसं शाळेत मराठीच्या तासाला उभं राहायच्या आधी जुळवायचे.

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. आत्यानं पिशवीची चेन ओढायला घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं पोरी, उसवलंस ना?"

माझी मान हलायला लागली होती. ती हो म्हणायच्या आत मी बॅगेतली कापडी पिशवी काढली आणि तिच्या उघड्या पिशवीतल्या साड्यांवर ठेवली. आईच्या हातातला डबा तसाच राहिला.

"हे काय?" आत्या म्हणाली.

रात्री जुळवलेलं वाक्य आठवलं नाही. दुसरंच बाहेर आलं, आणि मला वाटलं त्याहून मोठ्यानं आलं.

"नाही उसवलं आत्या, आणि उसवणारही नाही. ह्या घरात नको ना? मग तू ने, सोयगावला ठेव. टोपड्याच्या दोऱ्या लावायच्या राहिल्यात, त्या बाळ झालं की तू लाव, आणि तूच घाल त्याला. मी नसेन गं तेव्हा इथं."