सहा फुटी टेबल

साकीनाक्याच्या एका गाळ्यात पंख्या-मिक्सरच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळण्यात माझी उभी हयात गेली. गाळा बंद झाला, पण हात काही बंद होईनात. आता सोसायटीतले बिघडलेले मिक्सर माझ्याकडे येतात. ते मी ओट्यावर उघडते, आणि मग कधीतरी वरणात स्क्रू सापडतो. एकटीच जेवते म्हणून बरं, तक्रार कोण करणार? तरी ठरवलं, बाहेरच्या खोलीत रीतसर टेबल मांडायचं.

घाटकोपरची खोली ती केवढी! खडूने जमिनीवर चौकोन आखले, पुसले, परत आखले. जागा दोनच निघाल्या: दारामागची, नाहीतर पलंगाची. पलंग लेकीचा. म्हणजे ती राहायला आली तर झोपायचा.

दारामागच्या जागेशी माझी जुनी ओळख. लग्नानंतर चाळीतल्या खोलीत मी दारामागेच टेबल मांडलं होतं. काय तो तोरा! टेप गळ्यात, पेन्सिल अंबाड्यात, जणू विमानतळ बांधायला निघालेय. सगळं मोजलं, दार आत उघडतं, एवढंच बाईसाहेब विसरल्या. दार लावून घेतलं आणि जड टेबल ढकलत ढकलत त्याला टेकवलं. संध्याकाळी नवऱ्याने बाहेरून ढकललं तर दार वीतभर उघडलं आणि टेबलाचा पाय फरशीच्या खाचेत अडकला. टेबल मागे ओढायला गेले तर ते हलेना.

"अगं, निदान चहा तरी दे," तो फटीतून म्हणाला.

मी बशीत ओतून सरकवला. भुरका मारून म्हणतो, "साखर कमी आहे. आत असतो तर भांडलो असतो."

हसून हसून मला टेबल ओढवेना.

आता अडकले तर फटीतून बोलायला तो नाही. म्हणून मग लेकीला फोन केला. "पलंग काढू का गं?"

"काढ ना आई, विचारतेस काय? आम्ही आलो तरी संध्याकाळी परतच जातो ना."

"बरं."

"रागावलीस?"

"मी कशाला रागावू? मला जागा झाली."

फोन ठेवला आणि खडूच्या चौकोनात नुसतीच उभी राहिले.

पलंगाच्या जागी पलंगाच्याच फळ्यांचं टेबल करायला सुतार आला. "आजी, मिक्सरला चार फूट झकास."

"सहा कर."

"सहा? झोपणार काय त्याच्यावर?"

"फळ्या माझ्या, टेबल माझं. तुझं काय जातंय रे?"

वस्तू घट्ट पकडायचा लोखंडी शिकंजा त्याने खिडकीकडच्या टोकाला धरला. "इथे लावतो. उजेड आहे."

लेक खिडकीकडे डोकं करून झोपते.

"नको, त्या टोकाला लाव."

"तिकडे काळोख आहे, आजी."

"दिवा लावीन मी."

आता भर दुपारी दिवा लावून भिंतीकडच्या टोकाला काम करते. खिडकीकडे लख्ख ऊन पडलेलं असतं. तिथे मी काही ठेवत नाही.