धारच्या बाईंची शोधाशोध

आम्ही जुन्या मैत्रिणी जमलो की सुनांच्या कागाळ्या करायच्या असं ठरवूनच आलेल्या असतो. पण पाच मिनिटांत कोणीतरी शाळेवर घसरतं. मग एकीने एक सांगायचं, दुसरीने "तसं नव्हतं गं ते" म्हणून दुरुस्त करायचं आणि तिसरीने त्यातून भलतंच काढायचं. शाळेत होतो मोजकी वर्षं, पण किस्से काही आटत नाहीत. त्यातले निम्मे एकाच दिवसाचे आहेत म्हटलं तर कोणाला खरं वाटत नाही. म्हणून आज तो दिवसच सांगते.

आमचं देवास म्हणजे गाव एक आणि राज्यं दोन. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. दोघांचे राजे वेगळे, शिपाई वेगळे. मुलींची शाळा थोरल्या पातीत. हेडमास्तरीणबाई मूळच्या धारच्या, म्हणून सगळं गाव त्यांना 'धारच्या बाई'च म्हणे. दर चैत्रात त्या आमचा एक खेळ घ्यायच्या, शोधाशोध. सकाळी फळ्यावर काही गोष्टी लिहायच्या, मुलींच्या तीन टीम करायच्या, आणि दिवेलागणीच्या आत त्या गोष्टी शाळेत हजर करायच्या. गोष्टी तरी कशा? वाचूनच डोकं गरगरावं अशा.

खेळ चैत्रातच का, तर घरोघर चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं. हळदीकुंकवाला निघालेल्या मुलीला "कुठे गं हिंडतेस?" असं कोणी विचारत नाही. एरवी आम्हाला कोपऱ्यावरच्या विहिरीपर्यंतसुद्धा एकटं सोडत नसत. बाईंची अक्कल ती अशी!

आमची टीम तिघींची. मी, ठकी आणि बनी. पण माघात बनीचं लग्न झालं, ती रस्त्यापलीकडे सासरी गेली आणि तिची शाळा सुटली. आमच्यात सगळ्यात हुशार तीच. त्या दिवशी फळ्यावरची शेवटची ओळ होती, 'शाळेत नाही, पण असायला हवी अशी व्यक्ती.' ती वाचून ठकीने माझा हात इतका दाबला की माझी बांगडी फुटली. मार्क गेले खड्ड्यात, आम्हाला बनी परत हवी होती.

"पण आधी बाकीचं उरकू," ठकी म्हणाली. "तिच्या सासूसमोर जायला मला धीर गोळा करायचाय."

*

धीर गोळा होण्याआधी पोट भरलं. ज्या घरात काही विचारायला जावं, तिथे आधी हळद, मग कुंकू, मग आंब्याची डाळ, मग पन्हं. नको म्हणायची सोय नाही, गौरीचा प्रसाद. दोन-तीन घरं झाली आणि ठकी एका ओट्यावर बसली ती उठेचना.

"धाव ना," मी म्हटलं, "दुसऱ्या टीम पुढे जातील."

"कुठल्या जातात? त्यांनाही पन्हं पाजलंच असेल की."

खरंच, पलीकडच्या ओट्यावर दुसरी टीम पोट धरून बसलेली होती.

*

फळ्यावर एक होतं, 'एकाच वेळी दोन राज्यांत असलेली वस्तू.' ती आम्हाला भर रस्त्यात मिळाली. एक गाय मधोमध आडवी उभी होती. पुढचे पाय थोरल्या पातीत, मागचे धाकट्या.

ठकी गाईला ओढायला लागली. मी म्हटलं, "अगं, शाळेत नेली की ती एकाच राज्यात होईल." ठकीने कपाळाला हात लावला. तेवढ्यात दोन्हीकडचे शिपाई आले. मुली गाय पळवताहेत म्हटल्यावर गाय कोणाची हा प्रश्न निघालाच.

थोरल्या पातीचा म्हणाला, "मुंडी हमारी तरफ है, तो गाय भी हमारी."

धाकट्या पातीचा शांतपणे म्हणाला, "मुंडी तुम रखो, भिया. दूध तो हमारी तरफ है."

मी शाळेत पळत गेले आणि बाईंना सांगितलं, "बाई, वस्तू सापडली, पण ती आणली की ती राहत नाही." दुसरी कोणी असती तर कान धरला असता. बाईंनी छत्री घेतली आणि भर उन्हात रस्त्यापर्यंत चालत आल्या. गाय तोवर बसली होती, पण दोन्ही राज्यांतच बसली होती. पूर्ण मार्क!

*

दुसऱ्या एका टीमचा किस्सा तर त्याहून वरचढ. 'सकाळपासून एक शब्दही न बोललेली बाई' हवी होती. त्यांना बरोबर आठवलं की गल्लीतल्या एक काकू दर शुक्रवारी दिवे लागेपर्यंत मौन पाळतात. वार शुक्रवारच. मुलींनी हातापाया पडून काकूंना शाळेत आणलं. काकूही खुशीत, तोंडावर बोट ठेवून.

धारच्या बाईंनी आदराने पाट दिला आणि विचारलं, "किती दिवसांचं व्रत आहे, काकू?"

"लग्न झाल्यापासून बरं का, एकदासुद्धा मोडलं नाही," काकू म्हणाल्या.

मग काकूंचं जे रडणं सुरू झालं! मार्क राहिले बाजूला, काकूंचं इतक्या वर्षांचं व्रत बुडालं. बाईंचा चेहरा उतरला. त्या काकूंपुढे वाकून म्हणाल्या, "मोडलं ते माझ्यामुळे. पुढच्या शुक्रवारी तुमच्या वाटचं मी धरते."

आणि धरलं की! पुढच्या शुक्रवारी आम्हाला नर्मदा नदी त्यांनी नुसत्या हाताने शिकवली. डोंगरातून निघाली, वळली, उडी मारली, समुद्राला मिळाली. तेवढा भूगोल मला आजही पाठ आहे.

*

'धारहून आलेली वस्तू' म्हणून कोणी धारच्या आत्याने दिलेला तांब्या आणला, कोणी लुगडं. ठकीने रिकाम्या हाताने जाऊन सरळ बाईंचंच मनगट धरलं. "ही घ्या."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी आलेली नाही गं, मला पाठवलेलं आहे. अर्धा मार्क."

त्या वयात आम्हाला त्यातलं काही कळलं नाही. बाई विधवा होत्या, धारला सासर-माहेर दोन्ही असून इथे एका खोलीत राहत, हे माहीत होतं. पण माहीत असणं आणि कळणं यात पुष्कळ अंतर असतं.

*

शेवटच्या ओळीसाठी तिसऱ्या टीमने चौकातला हलवाई आणला. शाळेत हलवाई असायलाच हवा, त्यात चुकलं काय? तो बिचारा झारा हातात घेऊनच आलेला. "बईजी, म्हारी कढ़ई चूल्हे पे है," तो म्हणाला, "जो पूछणो हो, जल्दी पूछो." बाईंनी त्यालाही नमस्कार केला आणि त्या टीमला पूर्ण मार्क दिले.

*

तोवर आम्ही बनीच्या दारात उभ्या होतो. तिच्या सासूबाईंना सगळे काकीसाहेब म्हणत. दरबारी घर, करडा आवाज. बनी मागे भिंतीला टेकून उभी, डोळे आमच्यावर. काकीसाहेबांनी हळदीकुंकू लावलं, डाळ दिली. ती आम्ही कशीबशी गिळली.

"काय काम काढलंत?"

"खेळात बनी हवी होती," मी म्हटलं.

"खेळात?"

मी ठकीच्या मागे सरकले. ठकी मात्र म्हणाली, "नाही काकीसाहेब. शाळेतच हवी. खेळ आज आहे, शाळा रोज असते. ती गेल्यापासून आमची गणितं अडलीत."

काकीसाहेबांनी बनीकडे पाहिलं. बनीने मान खाली घातली आणि पुटपुटली, "आत्याबाई, मी मागितलं नाही हो." आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणत.

"तू काय मागणार! आमच्या घरची सून एकटी रस्ता ओलांडत नाही." झालं, संपलं, असं मला वाटलं. तर काकीसाहेब उठल्या, अंगावर शाल घेतली आणि म्हणाल्या, "चला."

शाळेत त्या जाजमावर ताठ बसल्या. फळ्याकडे बघून विचारलं, "हे काय लिहिलंय?" बाईंनी सगळी यादी, कोणी काय आणलं त्यासकट, वाचून दाखवली. गाईपाशी काकीसाहेबांचे ओठ जरा हलले.

"माझं नाव असंच लिहिता येतं का?"

"कुठलं लिहू?" बाईंनी विचारलं. "माहेरचं की सासरचं?"

काकीसाहेब जाजमावरच जरा पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही."

बाईंनी एकाखाली एक लिहिलं. काकीसाहेब वरच्या नावाकडेच बघत राहिल्या. मग पदर सारखा केला, उठल्या आणि बनीला घेऊन गेल्या.

आम्हाला वाटलं, जिंकलो. बाईंनी मार्क दिलाच नाही. "आणलीत कुठे? ती तर परत गेली." ठकी रस्ताभर रडली. मला तर रडूही येईना, बनीची पाठमोरी मान सारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली आणि दारात काकीसाहेब. मागे बनी. दोघींच्या हातांत पाट्या. बाई लगबगीने उठल्या, बनीला आमच्या शेजारी जागा केली आणि काकीसाहेबांसाठी खुर्ची ओढली.

काकीसाहेबांनी खुर्चीकडे ढुंकून पाहिलं नाही. जाजमावर सगळ्यात पुढे ग म भ न गिरवणाऱ्या चिमुरड्या बसल्या होत्या. त्यांना थोडं सरकवून त्या मधोमध बसल्या, पाटी मांडीवर घेतली आणि मागे वळून बाईंना म्हणाल्या,

"हिला मागेच बसवा. सासूच्या पुढे सून बसत नसते."